धुराची कैफियत

रोज सकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्या घरातील यच्चयावत मंडळी, म्हणजे मी, माझी पत्नी, ऐंशी वर्षांच्या काकू आणि काकूंच्या पायात घोटाळणारे मांजर, अंगणात तुळशीवृंदावनाभोवती डोळे पुशीत उभी असत. आणि पाखाडीने जाणारे येणारे लोक ते दृश्य पाहून, या घरी अलीकडे पहाटेच्या प्रार्थनेत सर्वांना भक्तीचे भरते येत असावे, असा समज करून घेऊन मोठ्या अदबीने मान लववून पुढे जात. वस्तुस्थिती एवढीच होती की त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात निर्धूर चूल पेटलेली असे.

ही चूल घरात आणण्याचे पातक सर्वस्वी माझे. मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून मी १९८५ साली निवृत्त झालो आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या वडिलार्जित घरी येऊन राहिलो, तेव्हा माझ्या अंगी दोनच विद्या शिल्लक होत्या: कोणत्याही विषयावर निर्दोष अर्ज लिहिणे आणि कोणत्याही अर्जात दोष काढणे. पहिल्या विद्येचा लाभ गावकऱ्यांनी तत्काळ घेतला. वहिवाटीची तकरार असो, विहिरीच्या दुरुस्तीची मागणी असो की चुलतभावाने तोडलेल्या फणसाची फिर्याद असो, मसुदा माझ्याच ओटीवर तयार होई. आणि अखेरीस ‘सबब हुजुरांनी योग्य तो बंदोबस्त करण्याची मेहेरबानी व्हावी’ हे वाक्य मी वाचून दाखविले की अर्जदाराच्या मुद्रेवर अर्धा इन्साफ जागच्या जागी पदरात पडल्याचे समाधान पसरे. दुसऱ्या विद्येला मात्र गावात वाव नव्हता. म्हणून मी ती घरावर चालवू लागलो, आणि तपासणीच्या पहिल्याच फेरीत माझ्या दृष्टीस काकूंची चूल पडली.

चूल, तिच्या शेजारी वैल, पाठीमागे भानवस आणि वर साठ वर्षांच्या काजळीने शिसवी झालेले वासे, असा तो काकूंचा दरबार होता. धुराला स्वतंत्र वाट अशी नव्हती. तो सर्व घरभर यथेच्छ हिंडून, प्रत्येकाच्या डोळ्यांची वास्तपुस्त करून, मग सवडीने कौलांच्या फटींतून बाहेर पडे. हे आरोग्यास अपायकारक असल्याचे मी काकूंच्या नजरेस आणून दिले.

‘‘काकू, या धुराने डोळे जातात.’’

‘‘मी अजून सुईत दोरा ओवते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तुला कचेरीत चष्मा लागला तो कोणत्या धुराने रे, बाळ?’’

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बाळ म्हणून हाक मारणारी व्यक्ती घरात असली की सुधारणेचा मार्ग किती खडतर होतो, याची कल्पना ज्यांना चुलत्या आहेत त्यांनाच यावी. शिवाय काकूंच्या म्हणण्यात तथ्यही होते. वरच्या वाशांना टांगलेले बियाणे, आमसुलांची टोपली आणि खुद्द ते वासे धुराच्याच कृपेने किडीवाळवीपासून सुरक्षित राहिले होते. ‘‘धूर बंद कर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे वाळवीला निराळे आमंत्रण नको.’’ परंतु अनुभवी माणसाचे म्हणणे ऐकून घेऊन, त्याची नोंद करून, त्याच्या विरुद्ध निर्णय देण्याची मला एकतीस वर्षांची सवय होती.

प्रकरणात हात घालण्यापूर्वी मागील दप्तर पाहावे या शिरस्त्यास अनुसरून मी निर्धूर चुलीचा इतिहास वाचून काढला. वर्ध्यास १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले, आणि तेथील मगनवाडीचे नाव लावून पुढे मगन चूल प्रसिद्धीस आली. हैदराबादेस डॉ. राजू यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशाच चुलीचा पुस्तिका काढून प्रसार केला. १९८३ साली तर केंद्र सरकारनेच सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मंडळींनी तीन भांड्यांची एक चूल सिद्ध केली, तिचे नाव ‘अस्त्र ओले’. कानडीत ओले म्हणजे चूल. पण मराठी माणसाने हे नाव वाचले की त्याच्या मनात ओल्या लाकडाची शंका येते. ती मला आली नाही, आणि पुढचे सर्व रामायण त्यातून घडले.

चुलीची रचना कागदावर फारच सुबोध होती. पहिल्या भोकाखाली जाळ, त्या जाळाची ऊब आतल्या आत दुसऱ्या भोकाखाली, आणि तेथून उरलासुरला धूर नळावाटे कौलाबाहेर. नळातील हवा तापली की हलकी होऊन वर जाते आणि जाताना पाठीमागच्या धुरास ओढून नेते. नळ जितका सरळ, उंच आणि ऊबदार, तितकी ही ओढ अधिक. हे तत्त्व मी आज ज्या प्रौढीने सांगत आहे त्यावरून ते मला त्या वेळी ठाऊक होते असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये.

गवंडी आला तो प्रशिक्षणाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच आला. मी दाखल्यावरील तारीख, सही आणि शिक्का तपासले. चूल बांधता येते की नाही हे विचारण्याचे राहून गेले.

‘‘धूर वर जाईल ना?’’

‘‘वर नाही तर कुठे जाईल, रावसाहेब? खाली यायला तो काय पाणी आहे?’’

या उत्तरातील तर्कशुद्धतेने मी प्रभावित झालो. नळ चुलीपासून सरळ उभा वर न्यावा असे त्याचे मत होते. परंतु तो तसा गेला असता तर कोपऱ्यातील देव्हाऱ्याला खेटून गेला असता, आणि देवांच्या नाकापाशी धूर नेण्यास काकूंनी साफ हरकत घेतली. तेव्हा नळ डावीकडे वळविण्याचे ठरले. डावीकडे दुधादह्याचे फडताळ होते. दूध नासेल, अशी तकरार माझ्या पत्नीने दाखल केली. मग तो पुन्हा उजवीकडे, जरा उंचावरून, माजघराच्या भिंतीकडे न्यावा, असा तोडगा निघाला. पण त्या भिंतीवर माझ्या आजोबांची तसबीर होती, आणि ज्यांनी हे घर बांधले त्यांच्या फेट्यावरून तापलेला नळ नेणे माझ्या पितृभक्तीस मानवेना. याप्रमाणे चार इंची पत्र्याच्या त्या नळाला तीन काटकोनी बेंड बसले: एक देवांसाठी, एक दुधासाठी आणि एक आजोबांसाठी. वळणावळणांत नळ इतका खर्ची पडला की कौलांतून तो जेमतेम वीतभर बाहेर डोकावला, आणि आढ्याची उंची त्याच्या डोक्यावर चार हात उरली. गवंड्याने त्यावर पत्र्याची टोपी घातली. पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्या माणसाला घालतात तशी.

पहिल्या दिवशी चुलीला हळदकुंकू वाहून जाळ घातला. धूर पहिल्या बेंडपर्यंत गेला, तेथे थांबला, एकंदर परिस्थितीची पाहणी केली, आणि पुढील वाट आपल्या अधिकाराबाहेरची आहे असे ठरवून, ज्या मार्गाने गेला त्याच मार्गाने परत आला. पूर्वीचा धूर निदान कौलांतून निघून जाई. आता फटी सिमेंटने लिंपून घेतल्यामुळे तीही सोय उरली नव्हती.

‘‘अहो,’’ धुराच्या पलीकडून पत्नीचा आवाज आला, ‘‘निर्धूर म्हणजे नक्की कोणाला निर्धूर?’’

‘‘नवा नळ आहे, वहिनीसाहेब,’’ गवंडी खोकत म्हणाला. ‘‘धुराला वाट माहीत व्हायला चार दिवस जातील.’’

चार दिवसांची मुदत पुढे दोन वेळा वाढवून देण्यात आली. त्या अवधीत चुलीचा एक गुण आम्हांला कळून चुकला: दुसरे भोक क्षणभरही उघडे राहता कामा नये, नाही तर धूर नळाचा नाद सोडून तेथूनच वर येतो. पहिल्यावर भात असला तर दुसऱ्यावर काही तरी हवेच. आमटी उतरली की दूध, दूध उतरले की आंघोळीचे पाणी, पाणी उतरले की चहा. घरात तीन माणसे असता दिवसाकाठी सहा वेळा चहा होऊ लागला; आणि अर्ज लिहून घेण्यास येणाऱ्यांची संख्या अकस्मात का वाढली, याचे कारण मला फार उशिरा उमगले.

पुढे पहिला पाऊस झाला आणि फडताळाच्या वरच्या पांढऱ्या भिंतीवर काळा, चिकट, काढ्यासारखा ओघळ उतरला. नळाच्या सांध्यात वरच्या तुकड्याचे तोंड खालच्या तुकड्याच्या आत जावयास हवे, म्हणजे नळात जमलेले डांबर आतल्या आत खाली उतरून चुलीत जळते. गवंड्याने उलट केले होते. धूर खालून वर जातो, तेव्हा खालच्याने वरच्याच्या पोटात शिरावे, हा त्याचा न्याय. तो धुरापुरता खराही होता. डांबराला मात्र कोणी विचारले नव्हते.

अशा समयी माझ्या पुतण्याचे पत्र आले. तो अमेरिकेत व्हरमाँट नावाच्या राज्यात असतो. तेथे हिवाळ्यात हातभर बर्फ पडते आणि दिवाणखान्यात बिडाची शेगडी ठेवून तीत लाकडे जाळतात. सबब या विषयात त्याचा अधिकार मोठा. मी पाठविलेला नळाचा नकाशा पाहून, ‘काका, हा नकाशा धुराड्याचा आहे की न्हाणीच्या सांडपाण्याचा?’ अशी त्याने पृच्छा केली होती, आणि पुढे तिकडचे नियम कलमवार लिहिले होते. काटकोनी वळणे दोनाहून अधिक नकोत. आडवा नळ सपाट नको. फुटामागे पाव इंच तरी चढ हवा. कौलाबाहेर नळ तीन फूट निघावा, आणि सभोवार दहा फुटांत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट वर जावा, नाही तर वारा आढ्यावरून उडी मारून धुराला खाली दाबतो. एकेरी पत्र्याच्या नळापासून लाकूड अठरा इंच दूर असावे. शेवटी माझ्या सांत्वनार्थ त्याने लिहिले होते की ज्या बेंजामिन फ्रँक्लिनने आकाशातील विजेशी खेळ केला, त्याने तरुणपणी काढलेल्या शेगडीत धुराला आधी खाली उतरून मग वर चढावे लागे, आणि नळ थंड असला की तो येण्याचे नाकारी. पुढे १७८५ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, भर समुद्रात जहाजावर बसून त्याने धुरकट धुराड्यांची कारणे आणि उपाय यांवर प्रबंध लिहिला. हे वाचून मला जो धीर आला तो वर्णनातीत होता. मी ते पत्र काकूंना वाचून दाखविले. ‘‘जहाजावर बसून लिहिलं ना?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझ्यासारखंच त्यालाही घरच्यांनी बाहेर काढलं असेल.’’

अठरा इंच म्हणजे आपला एक हात. मी गवंड्यास तसे सांगितले आणि ताबडतोब हात कोणाचा धरावा असा वाद उत्पन्न झाला, कारण गवंडी आखूड होता, लोहार लांब होता, आणि माझा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजता लेखणी धरून धरून बोटे वाकल्यामुळे पाऊण इंच कमी भरत होता. वाद मिटेपर्यंत मी सहज माळ्यावर चढून पाहिले. नळ आणि वासा यांच्यामध्ये हात नव्हे, बोटही शिरत नव्हते. आणि वाशाची नळाकडील बाजू सुरीने खरडली तर काजळीखाली कोळसा लागला. लाकूड दिवसेंदिवस असे शेकत राहिले की पुढे थोड्याशा उष्णतेनेही ते पेट घेते, हे पुतण्याच्या पत्रातील वाक्य मला त्या माळ्यावर बसल्या बसल्या आठवले. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही म्हण आमच्या घरी आगीसकट प्रत्यक्षात यावयाची एवढीच बाकी होती.

बंबाचा उल्लेख आलाच आहे तेव्हा ते प्रकरणही रुजू करणे भाग आहे. न्हाणीघर भिंतीपलीकडेच होते, आणि तेथील तांब्याच्या बंबाचा धूरही याच नळाला जोडला तर एका नळात दोन कामे होतील, ही कल्पना माझी. कोणाच्या माथी ती मारावी असा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण त्या दिवशीचा लोहाराला दिलेला लेखी हुकूम माझ्याच हस्ताक्षरात निघाला. वास्तविक एका जमिनीवर दोन कुळे लावली म्हणजे काय होते हे मी एकतीस वर्षे उघड्या डोळ्यांनी पाहत आलो होतो.

तो शनिवार होता. बंबातील निखारे विझत आले होते, मी डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून बसलो होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी भिंतीपलीकडे पत्नीने चुलीत एक मोठा ओंडका सारला. चुलीतला धूर नळापर्यंत आला. वर पाहतो तो तीन बेंड, शेजारी पाहतो तो बंबाची थंडगार, मोकळी वाट. कोणताही विवेकी धूर जे करील तेच त्याने केले. बंबाच्या तळातून तो न्हाणीघरात असा लोटला की क्षणार्धात मला तांब्या दिसेना, मग हात दिसेना, आणि कडी कोठे आहे ते आठवेना. कशीबशी कडी सापडून मी पंचा गुंडाळीत अंगणात आलो तेव्हा निम्मा पांढरा आणि निम्मा काळा होतो. पाखाडीने जाणारी मंडळी थबकली, आणि आज व्रताची सांगता दिसते असे आपसात कुजबुजून, नेहमीपेक्षा अधिक लवून नमस्कार करून गेली.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी गावातले शास्त्रीबुवा देवस्थानच्या इनामाचा अर्ज घेऊन आले. न्याय शिकलेले, ‘तर्कसंग्रह’ अजून तोंडपाठ. मी धुराची सारी कैफियत त्यांच्यापुढे मांडली. ते प्रसन्न झाले, कारण नैयायिकांचे अनुमानाचे आवडते उदाहरणच मुळी धुराचे: डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे समजावे, आणि दाखला कोणता, तर स्वयंपाकघराचा.

‘‘धूर आहे तेथे अग्नी असतोच,’’ शास्त्रीबुवा म्हणाले, ‘‘पण अग्नी आहे तेथे धूर असलाच पाहिजे असे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर असतो का? नाही. अग्नीला धूर जडतो तो ओल्या इंधनाच्या संयोगाने. हा उपाधी. तुमची लाकडे कुठे आहेत?’’

मी पडवीकडे बोट दाखविले. पावसाळ्याची बेगमी म्हणून मी वैशाखात वादळाने पडलेला एक आंबा निम्म्या किमतीत घेऊन फोडविला होता. शास्त्रीबुवांनी एक ढलपी उचलली, बोटांनी दाबली, आणि एकही शब्द न बोलता बोटे उपरण्याला पुसली.

पुढच्या आठवड्यात जे झाले त्यात माझे कर्तृत्व फारसे नाही. काकूंनी सूत्रे हाती घेतली. ‘‘देव हलवा,’’ त्या म्हणाल्या, आणि तीन महिने ज्या देवांसाठी नळ वाकला होता ते देव पाच मिनिटांत माजघरात, आजोबांच्या तसबिरीखाली, विराजमान झाले. नळ सरळ उभा गेला. वाशापासून हातभर (हात लोहाराचा धरला), सांधे सुलटे, कौलातून निघतो तेथे भोवताली रुंद पत्रा, आणि माथा आढ्याच्या वर दोन हात. बंबाची जोडणी रद्द झाली. टोपी काढताना आत साळुंकीचे अर्धे घरटे मिळाले, त्यावरून निदान तिला तरी त्या नळात धूर नसल्याची खात्री होती असे दिसते. ओला आंबा पडवीत वाळत पडला आणि ऐनाची जुनी लाकडे व नारळाची सोडणे चुलीत आली. बियाणे आणि आमसुले मात्र काकूंनी वैलासकट पडवीत मांडलेल्या जुन्या चुलीवर टांगली, आणि वाळवीच्या शंकेने दर अमावास्येला ती एकदा भरपूर धूर करून पेटवायची असे ठरवून टाकले. त्यावर मी हरकत घेतली नाही.

थंड नळ धूर घेत नाही, म्हणून जाळ घालण्यापूर्वी नळाच्या तोंडाशी कागद पेटवून त्याला ऊब द्यावी, असे पुतण्याने लिहिले होते. मी कपाटातून माझ्या नोकरीतल्या जुन्या टिपणांचा एक गठ्ठा काढला. वरिष्ठांकडे पाठविलेली, ‘फेरसादर करावे’ असा शेरा मारून परत आलेली टिपणे होती ती. एक एक पेटवून मी नळाशी धरले आणि अंगणात येऊन पाहतो तो माथ्यावरून निळसर, बारीक, सरळ रेघ आकाशात चढत होती. माझा कागद खालून ऊब मिळताच असा विनाअडथळा वर गेलेला मी प्रथमच पाहत होतो.

याला पंधरा दिवस झाले असतील. संध्याकाळी शेजारच्या घरातील गृहस्थ आले. त्यांची माडी आमच्या घराच्या ईशान्येस आहे, आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून वाहतो. हातात कोरा ताव होता. ओटीवर बसले, पायांच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले.

‘‘रावसाहेब, एक अर्ज लिहून हवा होता. पंचायतीला.’’

‘‘कोणाविरुद्ध?’’

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आमच्या कौलांकडे. ‘‘माडीच्या खिडकीतून धूर येतो. घरातली माणसं सकाळी अंगणात जाऊन बसतात. मी स्वतः लिहिला होता अर्ज, पण तुमच्यासारखा मसुदा दुसऱ्या कोणाला साधत नाही.’’

मी चष्मा चढविला. पहिले कलम सौम्य लिहावे असे मनात होते, पण लेखणी कागदाला टेकली की माझ्या हातून सौम्य असे काही लिहिले जात नाही. दुसऱ्या कलमात मी वाऱ्याची दिशा घातली. तिसऱ्यात अंतर मोजून घातले. चौथ्यात, नळाचा माथा अर्जदाराच्या खिडकीच्या खाली राहतो हा जो कच्चा दुवा त्यांच्या लक्षात आलेला नव्हता, तो मी त्यांच्या नजरेस आणून देऊन ठळक अक्षरांत मांडला. ‘सबब हुजुरांनी योग्य तो बंदोबस्त करण्याची मेहेरबानी व्हावी’ हे वाचून दाखविताच त्यांच्या मुद्रेवर ते ओळखीचे समाधान पसरले आणि त्यांनी सहीसाठी माझेच पेन मागून घेतले.

‘‘बाळ,’’ आतून काकूंचा आवाज आला, ‘‘त्यांना बसायला सांग. दुसऱ्या भोकावर चहा ठेवलाच आहे.’’